अखाजीला सराफ बाजार बंद होता तेव्हा



26 एप्रिल 2020 ला अखाजी होती. खानदेशात अखाजी म्हणजे लेकीचं माहेरपण, गौराई आणि झोका. त्या वर्षी टाळेबंदी होती. लेकी सासरीच अडकल्या. मुहूर्ताचं सोनं घ्यायला जळगावचा सराफ बाजारही उघडा नव्हता. ज्या शहराला सुवर्णनगरी म्हणतात, तिथं अखाजीला दुकानांना कुलूप!

दुकानं बंद, गिऱ्हाईक नाही, तरी सोन्याचा भाव मात्र चढत होता. हे कसं झालं, ते आज आपण समजून घेऊ.

सुरुवात शेअर बाजारातून झाली. 23 मार्च 2020 ला मुंबईचा सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंकांनी कोसळला. म्हणजे शंभर रुपयांचे सत्याऐंशी झाले. कारखाने बंद पडणार, नफा बुडणार, या भीतीनं जो तो शेअर विकून रोकड हातात घेऊ लागला. जगभर व्याजदर उतरले, आणि घाबरलेला पैसा सोन्याकडे वळला. वर्षाच्या सुरुवातीला दहा ग्रॅमचा भाव सुमारे 40 हजार होता. ऑगस्टमध्ये वायदे बाजारात तो 56 हजारांवर गेला.

साथ खानदेशला नवी नाही. 1918 च्या इन्फ्लुएन्झात देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. पाऊसही दगा देऊन गेला होता. तेव्हा गावात ना बचत गट होता, ना बाईच्या नावाचं खातं. अडल्या घराला सावकाराचाच उंबरा होता. 2020 मध्ये निदान जनधन खात्यात बाईच्या नावे तीन महिने पाचशे रुपये आले. कर्जाचे हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत लांबवता आले. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबलं नव्हतं, हे अनेकींना उशिरा कळलं.

आता आपल्या गळ्यातल्या पोतीकडे येऊ. 6 ऑगस्ट 2020 ला रिझर्व्ह बँकेनं नियम सैल केला. शेतीबाहेरच्या गरजेसाठी शंभर रुपयांच्या सोन्यावर बँका पंचाहत्तर कर्ज देत, ते मार्च 2021 पर्यंत नव्वद देता येऊ लागलं. अडचणीत हा मोठा आधार होता. पण मार्च 2021 मध्ये सोनं 45 हजारांच्या आसपास उतरलं. हिशेब करा. 56 हजारांच्या सोन्यावर नव्वद टक्के म्हणजे 50,400 रुपये कर्ज. सोन्याची किंमत कर्जाहून कमी झाली! अशा वेळी बँक पैसे भरायला सांगते. नाही भरले तर लिलाव होतो.

उलट सेन्सेक्सनं जानेवारी 2021 मध्ये 50 हजारांचा आकडा गाठला. मार्चमध्ये भीतीनं विकणारा फसला, ऑगस्टमध्ये हावेनं सोनं घेणारा अडकला. ज्याच्या घरात चार महिन्यांचा खर्च बाजूला होता, त्यालाच थांबता आलं.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी बोलू या. घरखर्चाची रोकड सोन्यात किंवा शेअरमध्ये अडकवायची नाही. गहाण ठेवायची वेळ आली, तर मिळेल तेवढं नाही, लागेल तेवढंच कर्ज घ्यायचं. आणि सोनं बाईचं असेल, तर निर्णय तिला विचारून, पावती तिच्या नावावर. स्त्रीधन नुसतं म्हणायला नसतं.