घरी कोण थांबणार? बारामती-इंदापूरच्या परदेशवारीचा इतिहास

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले एखादे मोठे खटले परदेशी निघते, तेव्हा एका वेळी पंधरा-वीस माणसे हलतात. त्यांत दोन-तीन भाऊ, त्यांची बायकामुले, म्हातारे आईवडील, एखादी लेक-जावई आणि कधी मुंबईचे मामाही असतात. एवढ्यांनी मिळून कोणत्या देशाला जायचे, याचा निर्णय वरवर पाहता नकाशावर किंवा टूर कंपनीच्या माहितीपुस्तिकेवर होतो. प्रत्यक्षात तो पाटाचे पाणी, उसाची तोड, गायींची धार आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचे जेवण या गोष्टींवर ठरत आला आहे. या सवयी परदेशप्रवासाहून पुष्कळ जुन्या आहेत.

त्यांचे मूळ वारीत सापडते. तुकोबांच्या पादुका पालखीत घालून देहूहून पंढरपूरला नेण्याची प्रथा त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केली, असे परंपरा सांगते. ही पालखी उंडवडी गवळ्याची, बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने सराटीला पोहोचते आणि तिथे नीरास्नान करून अकलूजकडे निघते. काटेवाडीला धोतराच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण, तर बेलवाडी आणि इंदापूरला घोड्यांचे रिंगण होते. गावोगावची माणसे दिंडीत सामील होतात ती शिस्तीने. स्वयंपाक सामाईक, मुक्काम ठरलेले, चाल म्हाताऱ्यांना झेपेल अशी आणि खर्चासाठी प्रत्येकाकडून घेतलेली भिशी. मुक्कामाचे ठिकाण निवडण्याचा प्रश्नच नसतो. पंढरपूर ठरलेले असते. घरात चर्चा होते ती यंदा वारीला कोणी जायचे आणि मागे कोणी थांबायचे याची. आषाढात पेरणी अर्धवट असते, जनावरे दावणीला असतात, त्यामुळे सगळे घर एकदम निघत नाही. थोरला गेला तर धाकटा थांबतो.

पंढरीपलीकडचा प्रवास शक्य झाला तो रेल्वे आणि कालव्यामुळे. १८७६-७८च्या मोठ्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि अवर्षणाच्या या पट्ट्यात बारमाही पाणी आले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून गुऱ्हाळे आणि त्यांच्यामागून रोख पैसा. दौंड हे त्याआधीच रेल्वेचे जंक्शन झाले होते. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली खुला झाल्यावर उत्तरेकडे जाणे सोपे झाले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दौंडहून बारामतीपर्यंत छोट्या रुळांची गाडीही आली. पूर्वी काशीला जाणारा माणूस घरच्यांचा अखेरचा निरोप घेऊनच निघे. आता काही आठवड्यांत गंगेची गडवी घेऊन तो परत येऊ लागला. परतल्यावर गंगापूजन आणि मावंदे, म्हणजे भावकीला आणि गावाला जेवण, हा रिवाज होता. पुढे नाशिकच्या चौधरी यात्रा कंपनीसारख्या संस्थांनी आचारी आणि शिधा बरोबर घेऊन यात्रा काढल्या. परक्या मुलुखातही आपल्या चवीचे जेवण मिळते, हा विश्वास मराठी प्रवाशाला तिथे मिळाला. परदेशी सहलींचा धंदा पुढे याच विश्वासावर उभा राहिला.

समुद्र ओलांडण्याची गोष्ट मात्र निराळी होती. समुद्रगमन कलिवर्ज्य मानले जाई. लोकमान्य टिळक १९१८ साली विलायतेला गेले आणि परतल्यावर त्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्याच सुमारास, ५ एप्रिल १९१९ रोजी, सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. या कंपनीच्या संस्थापकांपैकी सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी पुढे इंदापूर तालुक्यात कळंबजवळ माळरान घेऊन ऊस लावला, साखर कारखाना काढला आणि वालचंदनगर वसवले. म्हणजे हिंदी मालकीची बोट विलायतेला पाठवणाऱ्या माणसाचे नाव इंदापूरच्या एका गावाला आहे. तरी त्या तालुक्यातला शेतकरी बोटीवर चढला नाही. त्याला प्रायश्चित्ताचे भय होते असे म्हणता येत नाही. विलायतेत त्याचे काही कामच नव्हते.

काम होते ते मुसलमान घरांना. इंदापुरात चाँदशावली बाबांचा दर्गा आहे आणि दोन्ही तालुक्यांत जुनी मुस्लिम वस्ती आहे. अशा घरांसाठी परदेश म्हणजे मक्का, आणि निवडीचा प्रश्न पंढरीइतकाच मिटलेला. मुंबईहून जेद्दाला मुघल लाइनच्या बोटी जात. ही समुद्रमार्गाची हजयात्रा १९९५ पर्यंत चालली आणि मग सगळी वाहतूक विमानाने होऊ लागली. हाजींना निरोप द्यायला आणि परत आणायला अख्खे खानदान मुंबईला जाई. कुटुंबाने मिळून साजरा केलेला परदेशप्रवास या भागात पहिल्यांदा बहुधा असा दिसला, अर्थात बंदराच्या अलीकडून.

हिंदू घरांसाठी पहिला परदेश ठरला नेपाळ, आणि तोही काशीच्या पुढच्या वाटेवर असल्यामुळे. बीरगंजहून काठमांडूला जाणारा त्रिभुवन राजपथ भारताच्या मदतीने १९५६ साली पुरा झाला. १९५०च्या करारामुळे भारतीयाला तिथे पासपोर्ट लागत नाही आणि व्हिसाही लागत नाही. प्रयाग, काशी, अयोध्या झाली की बस रक्सौल किंवा सोनौलीवरून पुढे पशुपतिनाथाला जाई. यात्रा कंपन्यांनी ही जोड चलनात आणली. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या कितीतरी बायकांना आपण परदेशी जाऊन आलो आहोत हे ठाऊकच नसते. त्यांच्या लेखी तो काशीयात्रेचा शेवटचा टप्पा असतो.

पासपोर्टवरचा परदेश मात्र दीर्घकाळ लांबच राहिला. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात रिझर्व्ह बँकेचा ‘पी फॉर्म’ मंजूर झाल्याशिवाय विमानाचे तिकीट मिळत नसे आणि बरोबर मोजकेच डॉलर नेता येत. पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ १९६० साली आणि ‘पूर्वरंग’ १९६३ साली पुस्तकरूपाने आली. सहकारी कारखान्यांच्या नव्या सुबत्तेतली वाचणारी घरे लंडन-पॅरिस आणि बाली-बँकॉक पाहत होती ती बरेचदा या पुस्तकांतून. माळेगाव आणि भवानीनगरचे कारखाने १९५०च्या दशकातले, सोमेश्वरचा त्यानंतरचा. १९८० साली उजनी धरण पुरे झाल्यावर इंदापूरच्या भीमाकाठची काही गावे पाण्याखाली गेली आणि उरलेल्या शिवारात उपशाचे पाणी खेळले. पैसा आला होता, पण चलनाचे नियम सैल व्हायला १९९० नंतरची दहा-पंधरा वर्षे जावी लागली. जून २००० पासून फेमा कायदा लागू झाला आणि २००४ साली रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत बाहेर नेण्याची मुभा दिली. ही मर्यादा पुढे अडीच लाख डॉलर झाली. उरली ती कागदपत्रांची अडचण. जुन्या पिढीच्या जन्माची नोंद शाळेच्या दाखल्यावरची, आणि गुरुजींनी सरसकट लिहिलेली १ जून. एकाच घरातल्या आजोबा, आजी आणि चुलत्यांच्या पासपोर्टवर हीच जन्मतारीख दिसली की विमानतळावरचा अधिकारी थोडा वेळ घेतो.

या पट्ट्याला देशांची खरी ओळख करून दिली ती शेतीने. अप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने बारामतीत १९७१ साली कृषी विकास प्रतिष्ठान उभे राहिले. अप्पासाहेबांनी इस्रायलची पाणीबचत पाहिली आणि ठिबक सिंचनाचा पाठपुरावा केला. तेव्हापासून इस्रायल हे नाव बारामतीच्या बांधावर घरगुती झाले. पुढे राज्य कृषी विभागाने शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यासदौऱ्यांना अर्धा खर्च, ठरावीक मर्यादेपर्यंत, अनुदान म्हणून द्यायला सुरुवात केली. द्राक्षे, डाळिंब, भाजीपाला, दूध, ज्याचे त्याने आपले उत्पादन पाहून देश निवडला. हरितगृहासाठी हॉलंड, पाण्यासाठी इस्रायल. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात भाजीपाल्याचे इंडो-डच केंद्र निघाल्यावर हॉलंडही ओळखीचे झाले. हे दौरे बहुतांशी पुरुषांचे. कर्ता पुरुष ट्यूलिपच्या बागेपुढे काढलेला फोटो घेऊन घरी येई, आणि पुढल्या खेपेला आम्हालाही न्या, हा हट्ट तिथे सुरू होई. कुटुंबाच्या सहलीत युरोपचा नंबर लागला त्यामागे हिंदी सिनेमातले स्वित्झर्लंड जितके आहे, तितकाच हा फोटोही आहे.

थायलंड आला निराळ्या दाराने. खते, बियाणी, सिमेंट, ट्रॅक्टर यांच्या कंपन्या विक्रेत्यांना बक्षीस म्हणून बँकॉक-पट्टायाला नेत. त्या सहलींविषयी गावात जे हलक्या आवाजात बोलले जाई, त्यामुळे बरीच वर्षे घरच्या बैठकीत बँकॉकचे नाव काढणे अवघड होते. सिंगापूर आणि मलेशियाच्या मधोमध त्याला बसवून टूर कंपन्यांनी ते सोज्वळ केले.

या कंपन्यांचा वाटा मोठा आहे. केसरी पाटील यांनी १९८४ साली ‘केसरी टूर्स’ सुरू केली आणि २०१३ साली वीणा पाटील यांची ‘वीणा वर्ल्ड’ निघाली. मराठी बोलणारा टूर मॅनेजर, वेळापत्रक, रात्री भारतीय जेवण ही रचना दिंडीच्या इतकी जवळची आहे की वारकरी घराला ती समजावून सांगावी लागली नाही. शेंगेन करारामुळे एका व्हिसावर अनेक देश आणि २००२ पासून युरोची एकच नाणी-नोटा, यामुळे पंधरा दिवसांत आठ-दहा देश दाखवणे जमू लागले. घरातली आजी माळकरी असेल तर मात्र प्रत्येक देश पुन्हा तपासला जातो. जिथे माशाचा वास न येणारे हॉटेल मिळणार नाही, तो देश यादीतून जातो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाजणी आणि मेतकूट बॅगेत जाते ते निराळेच. खर्चासाठी वर्षभर भिशी लागते. शब्द दिंडीतलाच, आणि हिशेबाची वहीही जवळपास तशीच.

तारीख ठरवणे याहून कठीण. ऑक्टोबर-नोव्हेंबरला गाळप सुरू होते, टोळी कधी येईल याचा भरवसा नसतो. दिवाळीच्या सुट्टीत पोरे मोकळी, तर बाप तोडीच्या प्रतीक्षेत. मे महिन्यात शाळा बंद, बिलाचे पैसे खात्यात, पण लग्नसराई आणि उन्हाळी आवर्तन तेव्हाच. कालव्याची पाळी आपल्या चारीला रात्री दोनला आली, तर दारे धरायला घरचे माणूस लागते. संकरित गायींची धार दिवसातून दोनदा निघते, तिला सुट्टी नाही. म्हणून थांबणाऱ्याचा प्रश्न आधी सुटतो आणि देश मागून ठरतो. थांबणारा भाऊ पाच दिवस निभावून नेणार असेल तर दुबई, आठवडाभर असेल तर थायलंड किंवा व्हिएतनाम, आणि मेहुणा पंधरा दिवस मुक्कामाला आला तरच युरोप. काही घरे दोन तुकड्या करतात आणि वारीसारखी पाळी लावतात.

अलीकडे व्हिसाने या हिशेबात नवी अट घातली आहे. शेंगेनसाठी लहान मुले सोडून बाकीच्यांना केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि अठरांपैकी एकाचा अर्ज नाकारला गेला तरी सगळ्यांचा बेत मोडतो. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि मलेशियाने त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून भारतीयांना बिनव्हिसा प्रवेश दिल्यावर मोठ्या खटल्यांचा कल तिकडे झुकला. परदेशी सहलीच्या पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, वसूल केला जातो. तो विवरणपत्र भरून परत मिळतो, पण शेतीउत्पन्नावर जगणाऱ्या घरात विवरणपत्र भरणाराच कोणी नसतो.

परतल्यावर आता मावंदे होत नाही. भावकीत चॉकलेटे वाटली जातात, आणि दुबईच्या विमानतळावरून आणलेला सोनेरी कागदातला डबा बहुधा फेरेरोचा असतो. त्या कंपनीचा कारखाना बारामतीच्या एमआयडीसीत आहे. पहिला डबा, रिवाजाप्रमाणे, गायींपाशी थांबलेल्याला.