इस्त्रीवाला

इस्त्रीवाला हे कपड्यांना इस्त्री करून देण्याचा व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीसाठी मराठीत रूढ असलेले नाम आहे. स्त्रीलिंगी रूप इस्त्रीवाली, अनेकवचन इस्त्रीवाले, तर सामान्यरूप इस्त्रीवाल्या- (उदा. इस्त्रीवाल्याकडे) असे होते.

व्युत्पत्ती
'इस्त्री' या शब्दाचा उगम सामान्यतः पोर्तुगीज भाषेतील 'एस्तिरार' (ताणणे) या क्रियापदात मानला जातो. पगार, चावी, बटाटा हे शब्दही मराठीत पोर्तुगीजमधूनच आले. संस्कृत 'स्त्री' या शब्दाशी इस्त्रीचे केवळ उच्चारसाम्य आहे. दूधवाला, भाजीवाला या शब्दांप्रमाणे येथेही 'वाला' हा प्रत्यय व्यवसाय दर्शवतो.

अर्थभेद
इस्त्रीवाला, परीट आणि धोबी हे शब्द बोलण्यात अनेकदा एकाच अर्थाने येतात. परंतु ते पूर्णतः समानार्थी नाहीत. परीट हा गावगाड्यातील बारा बलुतेदारांपैकी एक होता. कपडे धुण्याच्या मोबदल्यात त्याला धान्याच्या रूपाने बलुते मिळे. त्यामुळे 'परीट' हा शब्द व्यवसायाबरोबरच जातीचाही वाचक आहे. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) याच समाजात जन्मले. 'इस्त्रीवाला' हा शब्द मात्र केवळ काम सांगतो, जात सांगत नाही. हे काम कोणत्याही समाजातील व्यक्ती करू शकते. म्हणून एखाद्याच्या व्यवसायाचा उल्लेख करताना जातिवाचक शब्दाऐवजी 'इस्त्रीवाला' हा शब्द अधिक अचूक ठरतो. शिवाय, परीट कपडे धुतो. इस्त्रीवाल्याकडे सहसा घरी धुतलेले कपडे दिले जातात व मोबदला नगावर रोख मिळतो.

वापर
शहरांत इमारतीच्या जिन्याखाली, पदपथावर, हातगाडीवर किंवा छोट्या दुकानात इस्त्रीवाले काम करतात. जड कोळशाच्या इस्त्रीची जागा आता बऱ्याच ठिकाणी विजेच्या इस्त्रीने घेतली आहे. संबोधताना 'इस्त्रीवाले काका', 'इस्त्रीवाल्या मावशी' अशी आदरार्थी रूपे वापरली जातात. हिंदीत याच अर्थाने 'प्रेसवाला' हा शब्दही प्रचलित आहे.

संबंधित शब्दप्रयोग
इस्त्री करणे, इस्त्री फिरवणे – कपड्यावरील सुरकुत्या घालवणे.
कडक इस्त्री – खळ देऊन किंवा दाबून केलेली ताठ इस्त्री.
इस्त्री मोडणे – कपडा चुरगळणे.
परीटघडी – धुऊन, इस्त्री करून घातलेली नीटस घडी. लक्षणेने अतिशय टापटिपीचा पोशाख. व्यवसायाचे स्वरूप बदलले तरी या शब्दात परटाची आठवण टिकून आहे.