आंब्याफणसाचें लांकूड

दारचें झाड तोडण्याचा प्रसंग आला म्हणजे घरांतलें कोणीतरी हळहळतेंच. झाड आपल्या मालकीचें, कुऱ्हाडहि आपलीच. तरी मनाला टोचणी कां लागावी? कित्येकजण तिचें मूळ धर्मांत शोधतात, कित्येक उपयुक्ततेंत. श्रोत्यांना मी आज एका मुरलेल्या राजकारणी पुरुषाकडे घेऊन जाणार आहें.

रामचंद्रपंत अमात्यांनीं शिवछत्रपतींची कारकीर्द डोळ्यांनीं पाहिली होती. कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या अमलांत, १७१५ च्या सुमारास, त्यांनीं 'आज्ञापत्र' लिहिलें. (त्यांतील वृक्षांविषयींचा मजकूर पुष्कळदां खुद्द शिवछत्रपतींचें पत्र म्हणून सांगण्यांत येतो, तसें तें नव्हे.) नवल असें कीं, हा मजकूर धर्माच्या विवेचनांत नसून आरमाराच्या प्रकरणांत आला आहे. गलबतांना तक्ते हवेत, डोलकाठ्या हव्यात. एवढें लांकूड आणावयाचें कोठून? अमात्य सांगतात, रानांतले सागासारखे वृक्ष हुजूरची परवानगी घेऊन तोडावे. आणखी लागेल तें परमुलखांतून विकत आणावें. आंबा, फणस हेहि आरमाराच्या उपयोगाचे खरे, पण त्यांस हात लावूं देऊं नये.

कां? हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. तोडलीं तर तिच्या दुःखाला पार राहत नाहीं, आणि प्रजापीडेचा दोष अखेर राजाच्या माथीं येतो. वृक्षांच्या अभावानें होणारी हानि अमात्य सांगतात, पण ओझरती. मला वाटतें, आपल्या टोचणीचा उगम येथेंच आहे. सालीआड कोणाचीं तरी वर्षें दिसलीं, म्हणजे कुऱ्हाड उचललेला हात अडखळतो. रानांतल्या सागाला असा पालक नव्हता, म्हणून त्याच्या वांट्याला केवळ परवानगीचें संरक्षण आलें, हेंहि प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

पुढें इंग्रजी अमलांत, १८४७ सालीं, मुंबई इलाख्याच्या जंगलांवर संरक्षक म्हणून डॉ. गिब्सन यांची नेमणूक झाली; १८७८ सालीं जंगलांचा कायदा आला. झाडें राखण्याचा हुकूम निघाला, पण चराई नि सरपण यांवर निर्बंध पडून गांवकऱ्याला गांवचेंच रान परकें झालें. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत जंगलखात्यावर जो राग आहे, तो याचसाठीं.

आज्ञापत्रांतली एक बारीक तजवीज सांगावयाची राहिली. एखादें झाड अगदीं जीर्ण होऊन कामांतून गेलें तर? तरीहि मालकाला राजी करावें, द्रव्य द्यावें, आणि त्याच्या संतोषानेंच तें तोडावें. जुलूम मुळींच करूं नये. समुद्रावर ज्या आरमाराचा दरारा, त्याच्या कारभाऱ्यानें एका म्हाताऱ्या फणसासाठीं कुणब्याच्या अंगणांत त्याच्या होकाराची वाट पाहत उभें राहावें, असा हा हुकूम!