दिवाणी व फौजदारी : दोन शब्दांचा प्रवास

भारतीय न्यायव्यवस्थेच्या शिखरावरील नावे संस्कृत आहेत : सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालय. तिची मुख्य विभागणी मात्र फारसीतून आलेल्या दोन शब्दांवरच उभी आहे. मोगल अमलात दिवाण महसूल पाही, फौजदार बंदोबस्त राखी. म्हणजे दिवाणी व फौजदारी हे मुळात अधिकार होते, दाव्यांचे प्रकार नव्हेत. १७६५ मध्ये कंपनीस बंगालची दिवाणी मिळाली. १७७२ मध्ये हेस्टिंग्जने जिल्ह्याजिल्ह्यांत दोन निरनिराळ्या अदालती नेमल्या, आणि पदवाचक शब्द हळूहळू वादवाचक झाले. मुंबईच्या सदर अदालती १८६२ मध्ये उच्च न्यायालयात विलीन झाल्या. शब्द तेवढे उरले. १ जुलै २०२४ पासून ‘फौजदारी’ हा शब्द प्रक्रिया-संहितेच्या नावातूनही गेला. पक्षकारांच्या तोंडून तो इतक्यात जाईल, असे दिसत नाही. १९०८ च्या संहितेच्या नावात ‘दिवाणी’ अद्याप आहेच.