ब्राउझरची निवड व वाचनखुणांचा प्रवास : मराठी वाचनाच्या इतिहासातील एक प्रकरण

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना जिल्ह्याच्या सीमेलगत कनेरगाव नाका लागते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. तेव्हापासून १९४८ पर्यंत ह्या सीमेच्या दक्षिणेस निजामाचा अंमल होता, आणि त्याचे चलन व टपालखाते स्वतंत्र होते. आज ही केवळ दोन महसुली विभागांची सीमा उरली आहे. तथापि सातबारा पाहण्यासाठी महाभूलेख संकेतस्थळावर प्रथम विभाग निवडावा लागे. हिंगोलीकरिता एक विभाग, वाशीमकरिता दुसरा. सीमेच्या दोन्ही अंगांस जमीन असलेल्या खातेदारास त्यामुळे एकाच कामासाठी दोन वाटा लक्षात ठेवणे भाग होते. अशी वाट जतन करण्याचे साधन म्हणजे ब्राउझरमधील वाचनखूण. ती ज्या यंत्रावर केली त्याच यंत्रापुरती राहावी, की वाचकाबरोबर संगणकावरून मोबाइलवर यावी, हा प्रश्न वरवर तांत्रिक असला तरी त्यास स्वतःचा इतिहास आहे.

भारतात सामान्य नागरिकास इंटरनेट उपलब्ध झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळी इंग्रजी वाचकास नेटस्केप व इंटरनेट एक्सप्लोरर यांतील निवड ही बहुधा सोयीची वा आवडीची बाब होती. मराठी वाचकाची स्थिती निराळी होती. अनेक मराठी संकेतस्थळे आपापले खासगी टंक वापरीत. १९९७ मध्ये दोन्ही ब्राउझरांनी पानाबरोबरच टंक पाठविण्याची सोय केली खरी; परंतु दोघांच्या पद्धती परस्परांस परक्या होत्या. २००० सालच्या नेटस्केप ६ मध्ये ती सोय राहिलीच नाही. अक्षर दिसते की नाही, ह्यावरच ब्राउझरची निवड ठरे. युनिकोडचा स्वीकार व विंडोज २००० बरोबर आलेला, र. कृ. जोशी यांनी घडविलेला 'मंगल' टंक यांमुळे संगणकावरील हे बंधन क्रमाने सैल झाले.

मोबाइलवर मात्र तेच बंधन पुन्हा उभे राहिले. साध्या मोबाइलांत देवनागरी टंकच नसे, आणि अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत जोडाक्षरे नीट उमटत नसत. २००६ पासून सर्वत्र मिळू लागलेल्या ऑपेरा मिनीने ह्यावर एक चमत्कारिक उपाय दिला. पान प्रथम कंपनीच्या सर्व्हरवर जाई व तेथून संक्षिप्त होऊन येई. एक आडबाजूची सोय चालू केल्यास देवनागरी मजकूर चित्ररूपाने उमटे. मजकूर वाचता येई, पण त्यातील शब्द उचलून अन्यत्र ठेवता येत नसे. वाचन मिळाले, लेखन गेले, असाच तो व्यवहार होता.

यंत्रायंत्रांतील नोंदी जुळविण्याचे, म्हणजे सिंकचे, प्रयत्न ह्याच सुमारास झाले. २००७ मध्ये ऑपेरा लिंक आली. त्याच वर्षी मोझिलाने 'वीव्ह' हा प्रयोग जाहीर केला व २०११ च्या फायरफॉक्स ४ मध्ये तो अंतर्भूत झाला. क्रोममध्ये वाचनखुणांचे सिंक २००९ साली आले. ह्या व्यवस्थांतील भेद महत्त्वाचा आहे. फायरफॉक्समध्ये नोंदी वाचकाच्या यंत्रावरच कुलूपबंद होऊन सर्व्हरवर जातात व किल्ली कंपनीकडे नसते. क्रोममध्ये वाचकाने सिंकसाठी निराळा परवलीचा शब्द ठेवल्यासच तसे संरक्षण लाभते. किती वाचकांचे तिकडे लक्ष जाते, हा प्रश्नच आहे.

पूर्वी निवड लिपीने ठरविली. आता ती बहुतांशी खात्याने ठरते. ज्या ब्राउझरात दहा वर्षांच्या वाचनखुणा व परवलीचे शब्द साठले, तो सोडणे म्हणजे घर बदलणे होय. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲपांवर बंदी घातली. त्यांत यूसी ब्राउझर होता. त्यातील वाचनखुणा दुसऱ्या ब्राउझरात आपोआप येणार नव्हत्या.

अभ्यासकाच्या दृष्टीने ह्याहून अवघड अडचण वेगळीच आहे. सिंकमुळे प्रवास करतो तो पानाचा पत्ता, पान नव्हे. खासगी टंकाच्या काळात केलेली एखादी वाचनखूण आजच्या मोबाइलवर अचूक येते, आणि पान अद्याप उघडत असलेच तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग दिसते. त्या मजकुराचे युनिकोडात रूपांतर करता येते, परंतु त्यासाठी मूळ टंक कोणता होता ते ठाऊक असावे लागते. आणि वाचनखुणेत ती नोंद कोणत्याही ब्राउझरने कधी ठेवलेली नाही.