वकील परत बोलावले

दुसऱ्या बाजीरावाचं नाव निघालं की आजी गहू निवडता निवडता एकच शब्द बोलायची : पळपुटा. तिच्या सासूकडून आलेली हकिगत अशी, की १८०२ च्या दिवाळीत यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला, पेशवे पुणं सोडून गेले आणि आमच्या घरच्यांनी तांब्यापितळेची भांडी परसात पुरली. "भांडी मिळाली हो परत," एवढं म्हणून ती सूप झटकायची.

थोरले आजोबा मोडी वाचत. त्यांचा संताप वेगळा होता. बाजीराव पळाला याचं त्यांना फारसं काही नव्हतं. तो पळून वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला तिथं काय कबूल करून बसला, ते सांगताना त्यांचा आवाज चढे. इंग्रजांची सहा पलटणींची तैनाती फौज घ्यायची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. आजोबा पुढच्या कलमांवर बोट ठेवत. इंग्रजांच्या शत्रुराष्ट्राचा युरोपियन पदरी ठेवायचा नाही. निजामाशी, गायकवाडांशी तंटा असला तर निवाडा कंपनीचा. कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही सत्तेशी बोलणं लावायचं नाही.

त्याच्या पंचवीस वर्षं आधी याच पुण्यात नाना फडणवीसांनी सेंट ल्युबिन या फ्रेंच माणसाला दरबारी मान देऊन मुंबईकर इंग्रजांची झोप उडवली होती. पुढं त्यांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एका जुटीत आणलं. हे जमलं ते दरबारोदरबारी ठेवलेल्या वकिलांच्या जोरावर. दिल्लीत हिंगणे, हैदराबादेत गोविंदराव काळे. कोण कुणावर रुसला, कुणाचा खजिना आटला, सगळं पुण्याला कळत होतं. या वकिलांची पत्रं वाचताना मला आजही वाटतं, राज्याचं बळ तोफखान्याइतकंच इथं होतं.

घरातलं भांडण मिटवायला शेजारचा बलदंड बोलावला की तो उंबऱ्यावर थांबत नाही. मे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या बंदोबस्तात बाजीराव पुण्यात परतले. त्याच वर्षी शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढून हरले आणि त्यांचा नावाचा धनी इंग्रजांच्या बाजूला उभा होता. गायकवाडांकडच्या बाकीचा हिशेबही कंपनीच्या हमीवर आला. त्यासाठी आलेले गंगाधरशास्त्री १८१५ मध्ये पंढरपुरात मारले गेले आणि पुण्याच्या संगमावरच्या कंपनीच्या रेसिडेंटाला, एल्फिन्स्टनला, दाब आणखी आवळायला निमित्त मिळालं.

जून १८१७ च्या पुणे तहानं उरलंसुरलं गेलं. पेशव्यांनी कुठल्याही दरबारी वकील ठेवायचा नाही, कुणाचा ठेवून घ्यायचा नाही. बोलायचं ते रेसिडेंटामार्फत. आजोबा इथं नेहमी थांबत आणि तारखा सांगत. ५ नोव्हेंबरला पेशव्यांची फौज खडकीला लढत होती, त्याच दिवशी शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. नागपूरकर सीताबर्डीला लढले ते तीन आठवड्यांनी. होळकर महिदपूरला, डिसेंबरात.