चिलटांचा संसार

सफरचंदांचा हंगाम आला की आमच्या बॉथेलच्या ओट्यावर चिलटं घोंघावू लागतात. क्षुद्र जीव, पण मोठ्या मानाचा! १९१० साली मॉर्गन यांनी याच माशीवरून आनुवंशिकतेचं कोडं सोडवायला घेतलं. १९८१ मध्ये स्वीडनच्या बोमन यांना पतंगाच्या कोशात जिवाणूनाशक प्रथिनं सापडली. म्हणजे कीटकही जंतूंशी लढतात तर!

मला चटका लावून गेलं ते २०१७ मधलं कॉर्नेल विद्यापीठातलं संशोधन. मीलनात नराकडून आलेल्या एका प्रथिनामुळे मादीत 'ज्युव्हेनाइल हॉर्मोन' वाढतं. अंडी भराभर तयार होतात, पण जिवाणूंशी लढायची ताकद घटते. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू तरी मिळतात. हिला कोण देणार? हे हॉर्मोन बनवणारी ग्रंथीच नष्ट केली, तेव्हा मीलनानंतरही माद्यांची ताकद टिकली.